मुआँग ह्वाच्या खोऱ्यात, कापणीच्या दिवसांत

आमचा दादा पुणे जिल्ह्यातल्या पवन मावळातला भातशेतकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, आणि वयाच्या पासष्टीपर्यंत केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर, तोही पायी. उत्तर व्हिएतनाममधील सापा या गावाजवळच्या, डोंगरउतारावरच्या भातखाचरांची छायाचित्रे मी त्याला मोबाइलवर दाखवली, तेव्हा त्याने कौतुकाचा एक शब्दही न काढता विचारले, "एवढ्या उंचावर पाणी चढवतात कसं?" माझी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे उत्तर मला येत नव्हते. या एका प्रश्नापायी अखेर दादा, वहिनी आणि मी असे तिघे सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडे चार दिवस चालून आलो.

वेळ मात्र नेमकी साधली. गणपती उठले होते, वडिलांची पितृपक्षातली तिथी आटोपली होती, आमच्याकडच्या कापणीला अजून महिनाभराहून अधिक अवकाश होता आणि सापाच्या खोऱ्यात कापणी भरात आली होती. तिथे थंडीमुळे वर्षाला भाताचे एकच पीक निघते. मे-जूनमध्ये लावणी आणि सप्टेंबरात कापणी. हिरवी-पिवळी खाचरे पाहायची असतील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा गाठावा, आणि पाण्याने भरलेली, आरशासारखी खाचरे हवी असतील तर मे महिन्याच्या अखेरीस जावे. हिवाळ्यात धुक्याशिवाय फारसे काही दिसत नाही.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. ई-व्हिसा ९० दिवसांचा मिळतो आणि एका प्रवेशासाठी त्याचे शुल्क २५ डॉलर आहे. हनोईहून सापाला बसने पाच-सहा तास लागतात. यांत कुठेही अडचण आली नाही, म्हणून हा भाग इथेच सोडते.

सापा हे सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचे, फ्रेंचांनी थंड हवेसाठी वसवलेले गाव. समोर ह्वांग लिएन सोन पर्वतरांग आणि तिच्यात ३,१४० मीटरहून अधिक उंचीचे फान्सिपान शिखर आहे. २०१६ पासून त्याच्या माथ्याजवळपर्यंत रोपवे जातो. गावात जिकडेतिकडे बांधकामे, सिमेंटचे ट्रक आणि हॉटेलांच्या पाट्या आहेत. ज्यांनी लोणावळ्याचे गेल्या तीस वर्षांत काय झाले ते पाहिले आहे, त्यांना सापात नवे काही दिसणार नाही. आम्ही तिथे एकच रात्र राहिलो.

पहिला दिवस : सापा, ई लिन हो, लाओ चाय, ता वान

सकाळी आठ वाजता आमची वाटाडी हॉटेलच्या पायरीवर येऊन बसलेली होती. तिशीच्या पुढची, काळे मोंग या डोंगरी समाजाची, अंगावर निळीत इतक्या वेळा बुडवलेला डगला की तो काळाच वाटावा, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पाठीवर बांबूची उभी टोपली आणि हातात छत्री. तिच्या तळहातांवर निळीचा रंग कायमचा मुरलेला होता. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ती पर्यटकांना हातातले पट्टे विकत होती आणि त्यातच इंग्रजी शिकली. ते तिला फाडफाड बोलता येते, मात्र कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही. निरोप द्यायचा असला की ती मोबाइलवर बोलून पाठवते. तिचे नाव इथे लिहीत नाही.

वहिनीने आपल्या सवयीने तिला पहिल्याच मिनिटाला "ताई" म्हणून हाक मारली. त्यावर ती अदबीने म्हणाली, "नाही, मी मोंग आहे. ताय लोक खाली बान होला राहतात, परवा भेटतील." ताय हा तिथला दुसरा समाज आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. आमच्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण, हे सांगितल्यावर ती खूप हसली आणि मग म्हणाली की, तरीही चूकच आहे, मी तुमच्यापेक्षा लहान आहे. व्हिएतनामी बोलताना समोरच्याला त्याच्या वयाप्रमाणे दादा, ताई, काकू, आजी असेच संबोधावे लागते, त्यामुळे वयाचा हिशेब त्यांच्याकडे फार काटेकोर असतो. आमच्यात धाकटीलाही ताई म्हणतात, असे वहिनीने ठासून सांगितले आणि चारही दिवस ती ताईच राहिली.

गाव संपताच वाट मुआँग ह्वा ओढ्याकडे उतरू लागते. पहाटे पाऊस होऊन गेला होता आणि वाट म्हणजे निव्वळ शाडूसारखा चिकट चिखल होता. ताईने वहिनीसाठी बांबू तोडून काठी करून दिली. आमच्याबरोबर आणखी दोन प्रौढ मोंग बायका न बोलावता चालू लागल्या होत्या आणि प्रत्येक घसरडीवर मला व वहिनीला हात देत होत्या. दुपारी लाओ चायला जेवायला बसलो, तेव्हा दोघींनी टोपल्या उघडून भरतकामाच्या पिशव्या पुढे केल्या: "आता आमच्याकडून घ्या." काही प्रवाशांना याचा राग येतो, असे ऐकले आहे. मला तो आला नाही. तीन तास त्यांनी आम्हाला सांभाळून उतरवले होते, त्या मजुरीचे हे मोल होते आणि तिथल्या तिथे मागितलेले होते. ज्यांना ही मदत नको असेल त्यांनी सुरुवातीलाच नम्रपणे तसे सांगावे; तीन तास हात धरून मग खरेदी नाकारणे बरे दिसत नाही. मात्र लहान मुलांकडून काही घेऊ नका, असे ताईने स्वतः बजावले. मूल पैसे आणू लागले की त्याची शाळा सुटते, आणि हे ती स्वतःच्या अनुभवावरून सांगत होती.

ई लिन होच्या पुढे पहिली खाचरे आली आणि दादाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पाणी चढवतच नाहीत. डोंगराच्या माथ्यावर रान राखलेले असते, त्या रानातल्या झऱ्यांचे पाणी पाटाने किंवा फोडलेल्या बांबूच्या पन्हळीने सर्वांत वरच्या खाचरात येते, तिथे बांधाला पाडलेल्या खाचेतून खालच्या खाचरात, आणि असे करत करत शंभर-दीडशे पायऱ्या उतरून ओढ्याला मिळते. दादा एका खाचेजवळ उकिडवा बसला, तिच्यात बसवलेला चपटा दगड त्याने बोटांनी चाचपला आणि म्हणाला, "म्हणजे वरच्यानं अडवलं तर खालचा मेला." ताईला मी ते सांगितले. ती म्हणाली की, भांडणे होतात, आणि ती सोडवायला गावातले वयस्क लोक बसतात. दादाने मान हलवली. आमच्या गावातही याहून वेगळे काही नाही.

संध्याकाळी ता वानला पोहोचलो. हे मुख्यतः झाय समाजाचे गाव आहे. लाकडी घरे, सिमेंटचे अंगण, वरच्या माळ्यावर एका रांगेत गाद्या आणि मच्छरदाण्या. रात्रीच्या जेवणात भात, टोमॅटोत शिजवलेला टोफू, लाल भोपळा आणि सू-सूच्या वेलीच्या कोवळ्या शेंड्यांची लसूण घातलेली भाजी होती. सू-सू म्हणजे नासपतीच्या आकाराचे, हिरवे वेलफळ. सापाच्या भोवती त्याचे मांडवच्या मांडव आहेत, आणि त्या शेंड्यांची भाजी मला तिथल्या सगळ्या पदार्थांत जास्त आवडली.

जेवताना यजमानाने तांदळाच्या दारूचे छोटे पेले भरले. पाहुण्याने पेला उचलला नाही तर यजमानाचा अवमान होतो. दादाने माळेला हात लावून नकार दिला, तेव्हा क्षणभर पंगत गप्प झाली. ताईने यजमानाला काही तरी सांगितले. तो उठला, दादाचा पेला आत नेऊन रिकामा केला, त्यात कोरा चहा भरून आणला आणि आपला पेला दादाच्या पेल्याला भिडवून प्यायला. त्यानंतर दर खेपेला दादाला चहाच मिळाला. तिने काय सांगितले, असे मी नंतर विचारले. तिने आपल्या गळ्यातली चांदीची जाड कडी दाखवली. मोंग लोकांत आजारी माणसाच्या किंवा मुलाच्या गळ्यात अशी कडी घालतात, आत्मा शरीर सोडून भटकायला जाऊ नये म्हणून. "मी म्हटले, यांचीही तशीच कडी आहे, फक्त लाकडाची." माळेचा अर्थ याहून वेगळा आहे, हे समजावण्याचा मी प्रयत्न केला, पण दादानेच मला थांबवले. त्याला तो अर्थ चालणार होता.

दुसरा दिवस : ता वान ते झांग ता चाय

सकाळी ओढ्यावरचा झुलता पूल ओलांडून वरच्या मोंग वाड्यांकडे चढू लागलो. इथे आम्ही कापणीत सापडलो.

त्या खाचरात सहा माणसे होती. बायका विळ्याने कापून पेंढ्या आडव्या टाकत होत्या आणि दोन पुरुष एका मोठ्या लाकडी डोणीत भात झोडत होते. डोणी म्हणजे जाड फळ्यांचा चौकोनी हौद. उंची कमरेच्या खाली आणि चारही बाजू वरच्या अंगाला बाहेर झुकलेल्या. मागच्या तीन बाजूंना बांबूच्या काठ्या रोवून ताडपत्रीचा आडोसा केलेला होता. पुरुष दोन्ही हातांत पेंढी धरून ती डोक्यावरून आणत, आतल्या फळीवर आपटत, झटकत, फिरवत आणि पुन्हा आपटत. तीन-चार फटक्यांत पेंढी मोकळी होई. उडालेला दाणा ताडपत्रीला लागून पुन्हा डोणीत पडे. एक खाचर संपले की दोघे मिळून डोणी उचलून पुढच्या खाचरात नेत.

आमच्याकडे कापलेले भात भारे बांधून खळ्यावर आणतात आणि तिथे झोडतात. वाटेत जो दाणा झडतो तो पाखरांचा. त्या डोंगरावर खळ्याला सपाट जागाच नाही, म्हणून खळेच खाचरात फिरते. दादा बराच वेळ बांधावर उभा राहून पाहत होता. मग त्याने चपला काढल्या, पायजमा खोचला आणि खाली उतरून हात पुढे केला. त्या माणसाने काही न विचारता त्याला पेंढी दिली. पहिल्या दोन फटक्यांत दाणे बाहेर उडाले आणि बायका हसल्या. तिसऱ्या फटक्याला त्याला डोणीचा कोन समजला, आणि नंतर तासभर तो तिथून हलला नाही. आमच्यात भाषा सांभाळणारी मी होते आणि माझी कुणालाच गरज पडली नाही.

मध्ये पाणी प्यायला थांबल्यावर त्याने माझ्याकरवी दोन गोष्टी विचारल्या. पेंढा खाचरातच का टाकता? थोडा म्हशींसाठी नेतो, बाकीचा इथेच कुजवतो किंवा जाळतो, असे उत्तर आले. दादाला ते पटले नाही. पेंढा जाळणे हे त्याच्या दृष्टीने घर जाळण्याच्याच जवळचे आहे. दुसरा प्रश्न बियाण्याचा होता. खाण्यासाठी आता बहुतेक जण संकरित बियाणे लावतात. ते जास्त पिकते, पण दर वर्षी विकत आणावे लागते. सापा ज्यात येते त्या लाओ काय प्रांतात सेंग कू नावाचा सुवासिक तांदूळ नावाजलेला आहे, तो महाग विकला जातो. चवीला घरचे जुने बियाणे चांगले, पोटाला नवे, असे त्या घरातली म्हातारी म्हणाली. दादाने आंबेमोहराची सगळी कहाणी तिला मराठीतच सांगितली.

ताई मात्र तेवढ्या वेळात रिकामी बसलेली नव्हती. तिच्या हातात सतत वाखाचा गुंता असे. तिथले मोंग लोक भांगेच्या जातीचे झाड लावतात आणि त्याच्या सालीच्या बारीक चिरफळ्या काढतात. चालता चालता त्या चिरफळीचे टोक दुसरीच्या टोकावर ठेवून अंगठ्याने वळायचे आणि जोडलेला धागा पंजाभोवती गुंडाळत जायचे, हे काम बायका बाजाराला जातानाही करतात. गाठ मारायची नाही, नाहीतर कापडात ती लागते. असा जोडलेला धागा पिळून, राखेच्या पाण्यात उकळून, विणून, मेणाने नक्षी काढून निळीत बुडवायचा. शेवटी ते कापड गोल ओंडक्यावर पसरून त्यावर जड दगड ठेवतात, आणि बाई त्या दगडावर उभी राहून दोन्ही पायांनी तो डोलवत राहते. त्याने कापडाला चकाकी येते. वहिनीने वाख जोडून पाहिला. तिची पहिली जोडणी ताईने हलकेच ओढताच सुटली. दादा लहानपणी अंबाडीच्या वाखाची दावी वळत असे, त्याची जोडणी टिकली.

दुपारचे जेवण ताईच्या एका नातेवाइकाच्या घरी ठरले होते. घराजवळ पोहोचताच ती थबकली आणि आम्हाला हाताने मागे सारले. दारावर हिरव्या पानांची डहाळी टांगलेली होती. घरात बाळ जन्मले होते, आणि अशा वेळी महिनाभर परक्याने उंबरा ओलांडायचा नसतो. वहिनी म्हणाली, "सोयर आहे म्हणायचं." आत न जाता ताईने अंगणातूनच हाक मारून विचारपूस केली आणि आम्ही पुढच्या वाडीवर गेलो. कुणाच्याही दारावर पाने बांधलेली दिसली तर आत जाऊ नये, हे वाटाड्याशिवाय हिंडणाऱ्याला कळणार नाही.

ठरलेले घर हुकल्याने घोळ झाला. ज्या घरी ऐनवेळी जेवलो तिथल्या बाईने आमच्यासाठी पालेभाजी केली, आणि दादाचे अर्धे ताट संपल्यावर ताईच्या लक्षात आले की, फोडणी डुकराच्या चरबीची आहे. त्या खेड्यांत तळणासाठी तेच वापरतात. ताईचा चेहरा पार उतरला. दादाने वाटी शांतपणे बाजूला ठेवली, बाहेर जाऊन चूळ भरली आणि परत येऊन बसला. "न कळत झालं. माउलीला सगळं कळतं," एवढेच म्हणाला. उरलेला भात त्याने वहिनीने आणलेल्या मेतकुटाबरोबर खाल्ला. त्या घरातल्या मुलांनीही मेतकूट मागून घेतले आणि पुडीतला निम्मा ऐवज तिथेच संपला. शाकाहारी प्रवाशांना सांगणे एवढेच की, "आन चाय" म्हणजे शाकाहारी खाणे, हे शब्द पाठ करा, पण तेवढ्यावर अवलंबून राहू नका. चरबी नको आणि माशांचे पाणी म्हणजे "न्युक माम" नको, हे दोन्ही स्वतंत्रपणे सांगावे लागते. बरोबर तेलाची छोटी बाटली आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी.

त्या घरात दारासमोरच्या भिंतीवर जाडसर पिवळा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर कोंबडीची पिसे वाळलेल्या रक्ताने डकवलेली होती. तेच त्यांचे देवघर. पोटमाळ्यावर मक्याची कणसे टांगलेली, खाली मातीची जमीन, कोपऱ्यात चूल आणि भिंतीला टेकवलेली नवी कोरी मोटारसायकल. ही गावे दुर्गम म्हणून दाखवली जातात. वाटेने चालणाऱ्याला ती तशी वाटतातही, पण मागच्या अंगाने सिमेंटचा अरुंद रस्ता आलेला असतो.

दुपारनंतर बांबूच्या रानातून झांग ता चायकडे गेलो. पावसाने एका ठिकाणी वाट खचली होती. ताईने वरच्या बाजूने झाडोऱ्यातून नेले, त्यात तास गेला आणि वहिनी एकदा सपशेल बसली. लागले काही नाही. चढउताराची सवय नसेल तर सापातच भाड्याने मिळणारे रबरी बूट घ्यावेत; आमच्या महागड्या बुटांचे तळवे त्या चिखलापुढे अगदीच निरुपयोगी ठरले.

मुक्काम लाल झाओ कुटुंबाकडे होता. या समाजाच्या बायका डोक्याला गोंडे लावलेले लाल वस्त्र बांधतात आणि भुवया काढून टाकतात. घरात पाऊल टाकताच वहिनी म्हणाली, "मसाल्याचा वास येतोय." चुलीवरच्या माचावर लालसर फळे धुरात वाळत होती. तिने एक फोडून हुंगले. आपल्या मसाला वेलदोड्याचेच भावंड, फक्त आकाराने मोठे आणि वासाला अधिक धुरकट. तिथे त्याला "थाओ क्वा" म्हणतात, आणि फो नावाच्या रस्स्यात तो घालतात. तो रानातल्या दाट सावलीत, ओढ्याकाठी लावतात. एके काळी या डोंगरांत अफू पिकत असे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद झाल्यावर अनेक घरांनी रोख पैशासाठी हा वेलदोडा धरला.

रात्री औषधी पाल्याच्या उकळलेल्या पाण्याची लाकडी पिंपातली आंघोळ मिळाली. पाणी गडद तांबडे, वास काढ्याचा. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, भोवळ येते, असे घरधनिणीने सांगितले होते. मी अर्धा तास बसले आणि मला भोवळ आली. गुडघे मात्र सकाळी दुखत नव्हते.

त्याच रात्री दादा भिंतीवरच्या फाडायच्या दिनदर्शिकेपुढे उभा होता. वहिनी सांगत होती की, उद्या एकादशी, आणि त्याचा विश्वास बसत नव्हता. दिनदर्शिकेवर मोठा १६ आणि खाली बारीक अक्षरात २५ होते. बारीक आकडा चांद्रमासाचा. त्यांचाही महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. दादाने बोटांवर मोजले: पंधरा आणि दहा, पंचवीस, म्हणजे आज वद्य दशमी. घरधन्याला बोलावून त्याने खाली बोट ठेवले आणि उद्याच्या पानावरचा २६ पाहून समाधानाने झोपायला गेला.

तिसरा दिवस : झांग ता चाय, सू पान, बान हो

आदल्या दिवशी जेवणाचा एवढा गोंधळ झाला होता, पण उपवासाच्या दिवशी काहीच अडले नाही. घरधनिणीने उकडलेली रताळी आणि शेंगा दिल्या, वाटेत केळी मिळाली. ताईच्या मते या माणसाने रोजच एकादशी धरावी.

हा दिवस सगळा उताराचा होता. सू पाननंतर खोरे खोल होत जाते, हवा बदलते, आणि सकाळी अंगावर असलेला स्वेटर दुपारी ओझे होतो. पर्यटक इथवर फारसे येत नाहीत. पूर्ण दिवसात आम्हाला एकच फ्रेंच जोडपे भेटले. मुआँग ह्वा ओढ्यावर जलविद्युत प्रकल्प झाले आहेत, त्यामुळे मधला काही भाग डोंगर कापलेल्या रस्त्यावरून, धुळीतून चालावा लागला. छायाचित्रांत हा भाग कुणी दाखवत नाही. पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या लोकांत दादाचे बालपण गेले आहे. तो तिथून चालताना काही बोलला नाही.

या रस्त्यावर ताई स्वतःविषयी बोलली. सतराव्या वर्षी लग्न, तीन मुले. ती वाट दाखवायला गेली की नवरा शेती आणि मुले पाहतो, आणि सुरुवातीला यावरून गावाने त्याची थट्टा केली. थोरली मुलगी शाळेत जाते आणि आईला मोबाइलवर आलेले निरोप वाचून दाखवते. सापातल्या मोठ्या कंपन्यांमार्फत पर्यटक आला तर तिच्या हाती थोडेच पडते. थेट आला तर बरे पडते. आम्ही एका ओळखीतून थेट तिच्याशीच ठरवले होते, आणि वाट, मुक्काम, जेवण धरून माणशी रोज सुमारे पस्तीस डॉलर दिले. जाणाऱ्यांनी शक्यतो असेच करावे.

बान हो हे ताय लोकांचे गाव आहे. खांबांवर उचललेली प्रशस्त घरे, खाली सरपण, नांगर आणि कोंबड्या. वहिनीने यजमानीण बाईला "ताई" म्हटले आणि आमच्या ताईने हसू दाबत मान डोलावली: या वेळी बरोबर होते. रात्री काळोख इतका होता की, ओढ्याचा आवाज आला नसता तर खोऱ्याची दिशाही कळली नसती.

चौथा दिवस : परत

सकाळी दादाने उपवास सोडला तो चिकट भातावर मेतकूट घालून. गाडी यायला उशीर होता, म्हणून तो आणि ताई जमिनीवर काडीने काही तरी आखत बसले होते. मी जवळ गेले तर डोणीचे चित्र होते: लांबी वितींनी, उंची गुडघ्याने मोजलेली. सेंग कूचे मूठभर बियाणे बरोबर न्यायची त्याची फार इच्छा होती. असे बियाणे विमानातून आणता येत नाही, हे सांगून मी त्याला परावृत्त केले आणि त्याचा राग हनोईपर्यंत सहन केला. निघताना आम्ही ताईला "ओ चाउ" म्हटले, मोंग भाषेत धन्यवाद. तिने वहिनीला वाखाचा एक जोडलेला गुंडा दिला.

दिवाळीनंतर कापणीसाठी गावी गेले, तेव्हा वरच्या खाचरात फळ्यांचा एक हौद उभा होता. दादाने सुताराकडून करवून घेतला होता. मजूर बायका हसत होत्या, दाणा चहूकडे उडत होता आणि वहिनी पदर खोचून चारही बाजूंना ताडपत्री धरायला माणसे शोधत होती. मी त्याचे चित्रीकरण करून ताईला पाठवले. दहा मिनिटांत तिचा बोललेला निरोप आला. मागे कुठे तरी कोंबडा आरवत होता. ती म्हणाली, "दादाला सांगा, फळ्या सरळ उभ्या केल्यात. बाहेर झुकलेल्या हव्यात."